मणक्यातला 'गॅप': पुढे वाकायचं की मागे?

आजचा एपिसोड कंबरेचा आहे. मोबाईलमध्ये मान घालून बसला असाल तर आधी जरा सरळ व्हा, मग ऐका.

आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात एक शब्द घरोघरी ऐकू येतो: गॅप. "आईच्या मणक्यात गॅप निघालाय." "मामाला गॅप आहे, वाकायचं नाही सांगितलंय." गंमत अशी की बहुतेक वेळा फोटोत गॅप वाढलेला नसतो, उलट कमी झालेला असतो. दोन मणक्यांमधली गादी वयानुसार सुकते, चपटी होते आणि हाडं जवळ आलेली दिसतात. ही झीज कंबर न दुखणाऱ्यांतही भरपूर सापडते. २०१५ साली अशा लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा निघाला. त्यात गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत होती आणि ऐंशीतल्या ९६ टक्के! तेव्हा रिपोर्टमधला शब्द वाचून लगेच हातपाय गाळू नका.

पण दुखणं खोटं नसतं. पश्चिमेला घाटघरकडं पावसात भाताची आवणी, पूर्वेला कांद्याची लागण, नारायणगावला टोमॅटोचे क्रेट. दिवसभर वाकायचंच काम. अशा कंबरेला व्यायाम कोणता? यावर जगात चांगलीच जुंपली होती.

१९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं की सरकलेली गादी नस दाबते आणि त्यातून पायात कळ जाते. मग तीनच वर्षांनी, १९३७ मध्ये, अमेरिकेतल्या डॅलसचे डॉक्टर पॉल विल्यम्स यांनी आपले व्यायाम मांडले. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि कंबरेचा बाक वाढून मागच्या बाजूला ताण आला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पुढे वाका, गुडघे छातीशी घ्या, पोट कणखर करा. कित्येक वर्षं हेच चाललं.

त्याच १९३७ साली म्हैसूरहून बी. के. एस. अय्यंगार नावाचा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा योग शिकवायला पुण्यात आला. पुढे दोर, पट्टे, खुर्च्या, लाकडी ठोकळे वापरून दुखऱ्या शरीरालाही आसन जमेल अशी पद्धत त्यांनी उभी केली. शिवाजीनगरची त्यांची संस्था १९७५ ची.

आणि विल्यम्सच्या बरोबर उलटं सांगणारा निघाला न्यूझीलंडमध्ये. १९५६ साली रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टचा एक पेशंट डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा झोपून राहिला. कंबर मागे वाकलेली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हे घातकच! पण पेशंट उठला तो पायातली कळ गेल्याचं सांगतच. मॅकेन्झींनी यातून अख्खी पद्धत बांधली: कोणत्या दिशेला वाकल्यावर दुखणं पायातून कंबरेकडं सरकतं ते शोधा, ती दिशा तुमची. मला हा प्रश्न विचारण्याचा मार्ग सगळ्यात पटतो. कारण उतारवयात मणक्याची नळी अरुंद झालेल्या माणसाला बऱ्याचदा पुढे वाकल्यावरच बरं वाटतं. चालताना पाय भरून येतात, ओट्यावर बसलं की मोकळे होतात. त्याला मागे वाकवणं म्हणजे त्रास देणं.

मधल्या काळात तिसराच सल्ला जोरात होता: झोपून राहा. १९८६ साली एका अमेरिकी चाचणीत दोन दिवस आणि सात दिवस विश्रांतीची तुलना झाली. सात दिवसवाले काही लवकर बरे झाले नाहीत, कामावर मात्र उशिरा गेले. रोजंदारीवरच्या घरात या निकालाची किंमत वेगळी सांगायला नको.

मग जिंकलं कोण? २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात २४९ चाचण्या होत्या, २४ हजारांवर माणसं. व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं, काहीच खास उपचार न घेणाऱ्यांपेक्षा १०० पैकी साधारण १५ गुणांनी कमी निघालं. जादू नाही, पण कामाचा फरक. प्रकारांची आपसात तुलना केली तर पिलाटिस आणि मॅकेन्झी जरा पुढे दिसतात, पण फरक मोठे नाहीत. अय्यंगार योगाचीही २००५ साली अमेरिकेत १६ आठवड्यांची चाचणी झाली. दुखणं आणि गोळ्या, दोन्ही कमी झाले. म्हणजे जो व्यायाम चालू राहील तो बरा. (लघवीवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली तर मात्र व्यायाम नाही, त्याच दिवशी दवाखाना.)

"शेतात राबते तेवढा व्यायाम कमी आहे का?" हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. राबण्यात एकच हालचाल हजारदा होते, तीही दुसऱ्याच्या वेगानं. व्यायामात दिशा बदलता येते, थांबता येतं. आणि त्यासाठी लागणारी वीस मिनिटं घरातल्या कोणाच्या वाट्याला येतात, हे कुठल्याच पद्धतीच्या पुस्तकात नाही.

कांदा लागणीच्या टोळीत मधूनच उभं राहून, कंबरेवर हात ठेवून मागे वाकणाऱ्या मावश्या मी पाहिल्यात. मॅकेन्झींच्या पुस्तकातही हाच व्यायाम आहे, उभ्यानं करायचा. तिथं तो लागोपाठ अनेकदा करायला सांगितलाय. इथं एकदा होतो, आणि वाफा पुढं सरकतो.