नाणेघाटातला कुबेर, पडद्यावरचा नेझा

नेझा हा चिनी दंतकथेतला बालदेव. पायाखाली वारा-अग्नीची दोन चाके, खांद्यावर लाल शेला, हातात सोन्याचे कडे आणि टोकाशी ज्वाळा असलेला भाला, अशी त्याची ओळख. ज्याओझी या टोपणनावाने काम करणारे दिग्दर्शक यांग यू यांनी त्याच्यावर दोन ॲनिमेशन चित्रपट केले. २०१९ च्या पहिल्या चित्रपटाने चीनमध्ये सुमारे पाच अब्ज युआन मिळवले. दुसरा २९ जानेवारी २०२५ रोजी, चिनी नववर्षाच्या दिवशी आला आणि दोन अब्ज डॉलरहून अधिक कमाई करून जगातला सर्वाधिक कमाईचा ॲनिमेशनपट ठरला. या मालिकेतला ड्रॅगनराजा, समुद्राचा यक्ष आणि खुद्द नायक यांची घराणी शोधत गेले, की वाट भारताकडे वळते. नायकाच्या घराण्याचा मूळ पुरुष कुबेर. त्याचे नाव मुरबाड तालुक्याच्या माथ्यावर, नाणेघाटाच्या लेण्यात, दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले आहे.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे मागे टाकले, की नाणेघाटाची पायवाट सुटते. लेणे घाटाच्या तोंडाशी, मुरबाड आणि जुन्नर या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरात उतरलेला माल याच खिंडीने वर जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जाई. वर जीवधन किल्ल्याचा पहारा, वाटेत पाण्याची टाकी आणि माथ्यावर दगडी रांजण. या रांजणात जकातीची नाणी पडत, असे सांगतात आणि घाटाचे नावही त्यावरूनच लावतात. लेण्याची चौरस खोली सुमारे २९ फुटांची असून तिच्या तीन बाजूंना बसायला दगडी ओटे आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्यांतल्या सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी आणि राजकुमारांची नावे अजून वाचता येतात. मूर्तींची मात्र पावले तेवढी उरली आहेत.

दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख आहे. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तो जगापुढे आणला. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि गेओर्ग ब्यूलर यांनी त्याच्या वाचनावर कष्ट घेतले. हा लेख सामान्यतः नागनिकेचा मानतात आणि त्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास धरतात. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापणे यांची मोजदाद आहे. अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाला मोठे स्थान मिळाले ते या आकड्यांमुळे. पण इथे महत्त्वाची आहे ती सुरुवातीची वंदने. त्यांत धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य आणि शेवटी चार लोकपाल येतात : यम, वरुण, कुबेर आणि वासव. या यादीतली दोन नावे लक्षात ठेवावी लागतात. एक कुबेर, दुसरे वासुदेव.

कुबेर म्हणजे विश्रवा ऋषीचा मुलगा, म्हणून वैश्रवण. तो यक्षांचा राजा आणि उत्तर दिशेचा रखवालदार. त्याचा मुलगा नलकूबर. रामायणात हा नलकूबर एकदाच, पण नेमक्या ठिकाणी येतो. त्याच्याकडे निघालेल्या रंभेवर रावणाने बळजोरी केली, तेव्हा पुन्हा कोणा स्त्रीवर अशी जबरदस्ती केलीस तर तुझ्या मस्तकाची शकले होतील, असा शाप त्याने रावणाला दिला. भागवतात तो भाऊ मणिग्रीव याच्यासह नारदाच्या शापाने अर्जुनवृक्ष होऊन उभा राहतो आणि उखळाला बांधलेला बाळकृष्ण त्या जोडवृक्षांमधून रांगत जाऊन दोघांना मुक्त करतो. कुबेर आणि रावण सावत्र भाऊ. आणि नेझा म्हणजे चीनला गेलेला हाच नलकूबर. तेव्हा नात्याने बघायचे तर पडद्यावरचा हा चिनी नायक रावणाचा पुतण्या लागतो!

कुबेर चीनला गेला तो नाणेघाटातून नव्हे. कोकणातल्या बंदरांशी त्याच्या प्रवासाचा संबंध जोडायला आधार नाही. नाणेघाटाचा लेख एवढीच साक्ष देतो, की लोकपालांची कल्पना तेव्हा दख्खनच्या राजघराण्यात रुळलेली होती. बौद्धांनीही चार दिक्पाल स्वीकारले, त्यांची नावे बदलली, पण उत्तरेला वैश्रवणच ठेवला. महाराष्ट्रातल्या लेण्यांमधला धनाचा यक्ष सुखवस्तू दिसतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारितीशेजारी बसलेला हा यक्ष, पांचिक, पाहिला, की याला कोणी लढाईवर पाठवील असे वाटत नाही. मध्य आशियाच्या वाटेवर मात्र वैश्रवणाचे पोट आत गेले आणि अंगावर चिलखत चढले. खोतानचे राजे स्वतःला वैश्रवणाचे वंशज म्हणवत. निपुत्रिक राजाने वैश्रवणाला साकडे घातले आणि मूर्तीच्या कपाळातून मूल बाहेर आले, ही तिथली कथा ह्युएन त्संगने लिहून ठेवली आहे. हाच यात्रेकरू सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या कारकिर्दीत, महाराष्ट्रातही येऊन गेला होता.

तांग काळात चिनी सैन्याने वैश्रवणाला आपला पाठीराखा मानले. पी-शा-मन हे त्याचे चिनी नाव वैश्रवणाचेच उच्चारण. आठव्या शतकातल्या अमोघवज्र या तांत्रिक आचार्याच्या नावावर असलेल्या ग्रंथांत त्याच्या तैनातीला त्याचा मुलगा येतो आणि त्याच्या हातात स्तूप असतो. नलकूबर हे नाव चिनी अक्षरांत लांबलचक झाले होते. वापरात त्याची पहिली दोन अक्षरे तेवढी उरली, नाझा, आणि पुढे नेझा. इकडे वडिलांच्या नावाचेही रूपांतर चालू होते. ली जिंग हा तांग राजवटीचा खरा सेनापती. त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी वाढत गेल्या आणि लोकांच्या मनात तो वैश्रवणाशी एकरूप झाला. मग गंमत झाली. एका देवाचे दोन झाले. बौद्ध मंदिरांच्या दारात वैश्रवण चार लोकपालांपैकी एक म्हणून उभा राहिला आणि कथा-कादंबऱ्यांत ली जिंग हातावर मनोरा घेऊन वेगळा संसार करू लागला. तो मनोरा म्हणजे वैश्रवणाचा स्तूप.

या संसाराचे पूर्ण चित्र मिंग काळातल्या ‘फंगशन यान्यी’ या शंभर प्रकरणांच्या कादंबरीत मिळते. चित्रपटांचा कच्चा माल मुख्यतः तिथला. ली जिंग हा चनतांग नावाच्या नाक्याचा अधिकारी, मराठीत ज्याला ठाणेदार म्हणावे तसा. त्याची बायको साडेतीन वर्षे गरोदर राहते आणि तिच्या पोटी मांसाचा गोळा येतो. बाप तलवारीने तो फोडतो, तर आत नेझा. (मराठी वाचकाला इथे गांधारी आठवल्यावाचून राहत नाही, पण त्या साम्यावर इमला रचू नये.) सात वर्षांचा नेझा समुद्रात अंघोळ करताना शेला घुसळतो, त्याने ड्रॅगनराजाचा महाल हादरतो. चौकशीला आलेला समुद्राचा गस्ती यक्ष मारला जातो, मग ड्रॅगनराजा आओ ग्वांगचा तिसरा मुलगा आओ बिंगही. नेझा त्याच्या अंगातली शीर ओढून काढतो आणि बापासाठी तिचा पट्टा करायचे ठरवतो. ड्रॅगनराजे सूडासाठी आई-बापांवर येतात, तेव्हा तो मांस आईला आणि हाडे बापाला परत करून मरतो. गुरू ताई-यी कमळाची पाने आणि देठ जोडून त्याला नवे शरीर देतो. इथवर कथा कारुण्याची आहे. पण पुढे कमळाचा नेझा बापाच्याच जिवावर उठतो, आणि त्याला आवरण्यासाठी ली जिंगच्या हाती मनोरा दिला जातो. पितृभक्ती हा ज्या समाजाचा पाया, त्याने बापावर भाला उगारणारा देव पूजावा, ही गोष्ट अभ्यासकांना नेहमीच कोड्यात टाकत आली आहे.

कादंबरीतला यक्ष चिनीत ये-छा होतो, शब्द संस्कृतच. ड्रॅगनराजांचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे. चीनमध्ये लुंग हा जलचर देव जुनाच होता, पण बौद्ध भाषांतरकारांनी ‘नाग’ या शब्दासाठी तोच वापरला. त्याबरोबर पाण्याखालचे महाल, रत्नांची कोठारे आणि पाऊस पाडणारे नागराज त्याच्या पदरात पडले. चार समुद्रांचे चार राजे ही मांडणी त्यातूनच बांधली गेली. आता वासुदेवाचे नाव. चिनी धर्मांचे अभ्यासक मेइर शाहार यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात असे मांडले, की नेझाच्या घडणीत नलकूबराबरोबर बाळकृष्णही मिसळला आहे. पाण्यात शिरून महासर्पाला लोळवणारे खोडकर, अफाट ताकदीचे मूल भारतीय कथांत एकच आहे, कालियामर्दन करणारे. हा तर्क आहे, शिलालेखाचा पुरावा नव्हे. पण तो धरला तर जुळणी विलक्षण होते : भागवतात ज्या मुलाने नलकूबराला झाडातून सोडवले, तो मुलगा आणि नलकूबर चीनमध्ये एकाच देहात राहतात.

सगळी पात्रे भारतातून गेली असे मात्र नाही. ताई-यी हा कुनलुन पर्वतावरच्या ताओ सिद्धांपैकी, आणि त्याचा प्रतिस्पर्धी शेन गोंगबाओ तसाच. गोंगबाओच्या नावातल्या ‘बाओ’चा अर्थ बिबट्या. चित्रपटाने त्यावरून त्याला बिबट्याचे पिशाच्च केले आणि वर तोतरेपण दिले. ताई-यी पडद्यावर ढेरपोट्या, डुकरावर बसणारा आणि सिचुआनच्या बोलीत बोलणारा आहे. मराठी रंगभूमीवर मालवणी बोलणारे पात्र आले की प्रेक्षक जसा सैल होतो, तसे काम ती बोली करते.

पडद्यावर नेझा पूर्वीही आला होता. शांघाय ॲनिमेशन फिल्म स्टुडिओने १९७९ साली केलेला चित्रपट १९८० च्या कान महोत्सवात दाखवला गेला. त्यात ड्रॅगनराजे उघड जुलमी आहेत, बाप भित्रा आहे आणि नेझा लोकांसाठी स्वतःच्या गळ्यावर तलवार फिरवतो. २०१९ च्या चित्रपटाने हे सगळे उलटे केले. विश्वातल्या एका मूळ शक्तीचे दोन भाग होतात, दिव्य मोती आणि आसुरी गोळी. मोती नेझाच्या वाट्याचा, पण गोंगबाओच्या कारस्थानाने तो आओ बिंगला मिळतो आणि नेझा आसुरी गोळी घेऊन जन्मतो. गाव त्याला टाळते. ज्याची शीर ओढली तोच आओ बिंग इथे त्याचा एकमेव मित्र होतो. बाप मुलाच्या जागी स्वतः मरायला तयार होतो, आणि आई तलवार घेऊन राक्षसांशी लढणारी बाई असते. २०२५ च्या भागात दोघांची शरीरे कमळापासून पुन्हा घडवली जातात. ड्रॅगन इथे खलनायक उरत नाहीत. त्यांना समुद्रतळाशी राक्षसांचे तुरुंगरक्षक म्हणून जखडून ठेवले आहे, आणि खरी लबाडी स्वर्गाजवळच्या पवित्र महालात चालते. बाप-लेकांचे भांडण मिटवून ते व्यवस्थेशी लावून देणे, हा या मालिकेचा कथेतला सर्वांत मोठा हस्तक्षेप. मनोऱ्याची गरजच उरली नाही.

पात्रे अशी पिढ्यान्‌पिढ्या बदलत ठेवण्याची रीत शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यालाही परकी नाही. शहापूर तालुक्यात आणि २०१४ च्या विभाजनापर्यंत याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या मोखाडा-जव्हारकडे बोहाडा होतो. शेतीची कामे संपली, की उन्हाळ्याच्या रात्री गावात सोंगे नाचतात. सुरुवात गणपती आणि शारदेची. मग मारुती, नरसिंह, त्राटिका, रावण असे एकेक सोंग टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर पुढे येते. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. अमुक सोंग अमुक घराण्याचे, असा मान ठरलेला असतो. तेव्हा पुराणातले पात्र गावात एका घराचे होऊन जाते. संवाद जवळजवळ नसतात. पात्र ओळखायचे ते मुखवट्यावरून आणि पावलांच्या ठेक्यावरून.

तैवानमध्ये नेझाचेही सोंग निघते. तिथल्या मंदिरांच्या मिरवणुकांत माणसे मोठ्या गोल चेहऱ्याचा, पाठीवर निशाणे लावलेला नेझा अंगावर चढवून नाचतात. त्याला तिसरा राजपुत्र म्हणतात, कारण ली जिंगच्या तीन मुलांत तो धाकटा. अलीकडे हे नाच इलेक्ट्रॉनिक संगीतावर होतात. २००९ साली काओश्युंगच्या जागतिक क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात असे नेझा चक्क मोटारसायकलींवरून मैदानात आले. कादंबरीत त्याला तीन डोकी आणि अनेक हात फुटतात, पण सोंग काढणाऱ्याला एकच मुखवटा पेलावा लागतो. बोहाड्यात त्याच्या काकाचे, रावणाचे, सोंग निघते तेव्हा दहाही तोंडे एकाच माणसाच्या खांद्यावर असतात.