खडकीचं काडतूस आणि अंतराचा हिशोब

परदेशात राहणाऱ्या, तिथल्या परवान्यावर हरणाची शिकार करणाऱ्या काही श्रोत्यांचा एक प्रश्न असतो: लांबून नेम धरायचा तर परवडणारा रेंजफाइंडर कसा निवडायचा? रेंजफाइंडर म्हणजे समोरची वस्तू किती अंतरावर आहे ते सांगणारं यंत्र. याचं उत्तर मी आज खडकीतून द्यायचं ठरवलंय. खडकीच का? एक तर तिथल्या एका भागाचं नावच 'रेंज हिल्स' आहे. आणि दुसरं म्हणजे, अंतर चुकलं की काय होतं, हे सांगायला याहून चांगली जागा पुण्यात नाही.

सुरुवात 5 नोव्हेंबर 1817 पासून करू. खडकीची लढाई. दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघतोय आणि बापू गोखल्यांचे घोडेस्वार गणेशखिंडीच्या बाजूच्या मैदानात कंपनीच्या पलटणीवर चालून जातायत. पलटणीच्या हातात गुळगुळीत नळीच्या बंदुका. अशा बंदुकीचा नेम शंभर वारांपलीकडे भरवशाचा नसायचा. (वार म्हणजे यार्ड, मीटरपेक्षा थोडा कमी.) म्हणून कर्नल बर्रने शिपायांना गोळीबार राखून ठेवायला सांगितलं. घोडे जवळ येऊ देत, मग झाडा. त्यात मध्ये दलदल लागली, घोडे अडकले, आणि पुढचं आपल्याला माहीत आहे. त्या काळी अंतर मोजायचं यंत्र एकच होतं, माणसाचा डोळा. आणि बंदूकच एवढी तोकडी होती की डोळा पुरत होता.

पुढच्या पन्नास वर्षांत बंदूक बदलली. नळीला आतून पिळाचे आटे आले, गोळी गरगर फिरत सरळ जायला लागली. 1869 मध्ये खडकीत दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, तोच आजचा ॲम्युनिशन फॅक्टरी. रायफलची काडतुसं इथे बनायची आणि त्यांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं असायची. बारा बोअरची शिकारीची काडतुसंही याच कारखान्यातून देशभर गेली.

आता गंमत बघा. आपल्याकडची शिकार बहुतेक जवळूनच व्हायची. मचाणावर बसायचं, हाका घालून जनावर पुढ्यात आणायचं, नाहीतर पाणवठ्यावर वाट बघायची. बारा बोअरचे छर्रे चाळीस वारांच्या पुढे विखरून जातात, त्यामुळे तिथे अंतर मोजायची गरजच नाही. गरज पडते ती उघड्या माळावर किंवा डोंगरात, हातात रायफल असताना.

ती किती पडते, ते हिशोब करून पाहू. पॉइंट थ्री-नॉट-थ्रीची मार्क सेव्हन गोळी नळीतून सेकंदाला साधारण 744 मीटर वेगाने निघते. तुम्ही साईट 300 मीटरला लावलीत आणि जनावर खरं 400 मीटरवर असलं, तर हवेचा अडथळा सोडून दिला तरी गोळी नेमाच्या 35 सेंटीमीटर खाली लागेल. हवा धरली तर आणखी खाली. 35 सेंटीमीटर म्हणजे छातीऐवजी पाय. सावज मरत नाही, लंगडत झाडीत जातं आणि दोन दिवसांनी कुठेतरी तडफडून मरतं. जातिवंत शिकारी याला नामुष्की मानायचे. अंतराची चूक सोसावी लागते ती जनावराला.

मग यंत्र आलं. 1888 मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने अंतर मोजणारं यंत्र हवं म्हणून जाहिरात दिली. लीड्समधले दोन प्राध्यापक, आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड, कामाला लागले. त्यांची युक्ती तुम्ही आत्ता घरीच करून बघा. हात लांब करून अंगठा धरा. एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो ना? ती उडी भिंतीवर किती रुंद पडली ते अंदाजा आणि दहाने गुणा. भिंत साधारण तेवढी लांब. कारण हाताची लांबी दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या सुमारे दहापट असते. हा जगातला सगळ्यात स्वस्त रेंजफाइंडर!

बार आणि स्ट्राउड यांनी हे दोन डोळे लांब नळीच्या दोन टोकांना नेऊन बसवले. आत चित्राचे दोन तुकडे दिसतात, चकती फिरवून ते जुळवायचे, की अंतर मिळतं. पण यात एक मेख आहे. अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. अचूकपणा हवा तर नळी लांब हवी, म्हणून युद्धनौकांवर कित्येक मीटर लांबीची यंत्रं बसली. एकट्या शिकाऱ्याने ते खांद्यावर कसं न्यायचं?

ही अडचण सोडवली लेझरने. 1960 मध्ये थिओडोर मेमनने पहिला लेझर चालवून दाखवला. प्रकाशाची झुळूक सोडायची, ती आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. 150 मीटरवर जाऊन यायला एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. 1990 च्या दशकात हे घड्याळ खिशात मावायला लागलं.

तर आता निवड. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा चमकणाऱ्या पाटीसाठी असतो. हरणाची कातडी प्रकाश गिळते, त्यामुळे तिथे पल्ला बराच कमी भरतो. नीट कंपनी पाटी, झाड आणि हरीण असे वेगवेगळे आकडे देते. तुम्ही हरणाचाच वाचा. दुसरं, उतारावरचा कोन. 30 अंशांच्या उतारावर सरळ रेषेत 400 मीटर दिसलं, तर नेमासाठी धरायचं 346 मीटर. हे गणित यंत्राने स्वतः करावं. तिसरं, गोल्फचं यंत्र जवळची वस्तू पकडतं, कारण त्याला झेंडा हवा असतो. शिकाऱ्याला मधलं गवत सोडून मागचं जनावर हवं, म्हणून ती सोय बघून घ्या. आणि यार्ड की मीटर ते आधी ठरवा. 400 यार्ड म्हणजे 366 मीटरच. एवढं असलं की महागाच्या मागे धावायची गरज नाही. तुम्ही जेवढ्या अंतरावर खात्रीने नेम धरू शकता, त्याच्या थोडं पुढे मोजणारं यंत्र पुरतं.

भारतात मात्र या यंत्राची गोष्ट वेगळ्या वळणाला गेली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही बंद झाली. तरी रेंजफाइंडर जंगलात परत आला. वाघांच्या गणनेत हरणं-सांबरं किती, हेही मोजतात. त्यासाठी माणसं ठरलेल्या रेषेवरून चालतात, आणि चितळ दिसलं की त्याचं अंतर आणि कोन टिपतात. चितळ 80 मीटरवर, रेषेपासून 30 अंशांत असेल, तर ते रेषेपासून 40 मीटर बाजूला आहे. डोळ्याने अंदाज केला तर आकडे 50, 100 असे गोल पडतात. आणि प्रत्येक 80 ला तुम्ही 60 म्हणालात, तर रुंद पट्टा अरुंद ठरतो आणि जिथे 100 चितळं आहेत तिथे कागदावर 133 होतात. त्या जादा 33 चितळांच्या भरवशावर वाघांना पुरेसं खाणं आहे असं कोणी ठरवलं, तर उपाशी कोण राहणार?

म्हणजे बघा, पूर्वी अंतर चुकलं की एक जनावर जखमी व्हायचं. आता चुकलं की अख्ख्या जंगलाचा हिशोब चुकतो. म्हणून कुठल्याही कामासाठी हे यंत्र घ्या, घेतल्यावर आधी टेपने मोजलेल्या मैदानावर ते तपासा. शंभर मीटरला ते शंभरच सांगतंय ना, हे बघितल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नका.