मुसव्विर

माझ्या दादीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. ती पडद्यातली. कॅमेऱ्यामागं परका पुरुष उभा असताना पुढं बसायचं कसं? म्हणूनच लाला दीनदयाळ यांची गोष्ट मला जवळची वाटते.

दीनदयाळ १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्यात, एका जैन जवाहिऱ्याच्या घरात जन्मले. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकून ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले. १८७४ च्या सुमारास, नोकरी सांभाळूनच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. छायाचित्रणाची पदवी त्यांच्याकडं नव्हती. त्यांची परीक्षा घेतली ती समोर बसणाऱ्यांनीच. व्हाइसरॉय बसले, संस्थानिक बसले. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं आणि १८९४ साली 'राजा मुसव्विर जंग बहादूर' हा किताब दिला. व्हिक्टोरिया राणीची सनदही त्यांना मिळाली.

मला मात्र 'मुसव्विर' हाच मान मोठा वाटतो. मुसव्विर म्हणजे रूप देणारा, चित्र घडवणारा. अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांतही हा शब्द आहे. एका मुसलमान राजानं जैन घरातल्या कलावंताला तो दिला.

पण माझ्या मते दीनदयाळ खऱ्या कसोटीला उतरले ते त्याआधी दोन वर्षं. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती, आत सगळा कारभार बायकांच्या हाती आणि देखरेखीला श्रीमती केनी-लेव्हिक ही इंग्रज बाई. चेहरा टिपण्याआधी त्या चेहऱ्याचा संकोच ओळखावा लागतो, हे त्यांना उमगलं होतं.

अर्थात ही सोय बड्या घरांतल्या बायकांची. आमचा मराठवाडाही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. पण दादीसारख्या बायकांपर्यंत असला स्टुडिओ कधी पोचला नाही.

पुढं हजच्या पासपोर्टसाठी अम्मीला फोटो काढणं भाग पडलं. दुकानात ती अवघडून बसली. फोटोवाल्यानं ते पाहिलं, बायकोला हाक मारली, कॅमेरा तिच्या हाती दिला आणि स्वतः बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. त्याच्या भिंतीवर कुठलं प्रमाणपत्र होतं की नव्हतं, मला आठवत नाही. अम्मीचा तो एकुलता एक फोटो मात्र आजही माझ्यापाशी आहे. त्यात ती किंचित हसते आहे.