दोन तंबोऱ्यांमधील अंतर

पश्चिम घाटाच्या माथ्यावर, गोवा आणि बेळगाव जिल्हा यांच्या सीमांना लागून, उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका पसरला आहे. त्याचे जुने नाव सुपा. काळी नदी याच तालुक्यात उगम पावते. तिच्यावर गणेशगुडी येथे बांधलेल्या १०१ मीटर उंचीच्या धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. कोकणी, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषा जेथे कानांवर पडतात, अशा या अरण्यप्रदेशातही आज एखादा तरुण विजेची गिटार संगणकास जोडून घरच्या घरी ‘हेवी मेटल’ संगीताचे ध्वनिमुद्रण करू शकतो. परंतु मुद्रण ऐकताच त्याची निराशा होते. नामांकित वाद्यवृंदांच्या मुद्रणांत गिटारीचा नाद भिंतीसारखा उभा राहतो; याच्या खोलीतील नाद मात्र पत्र्यावर घासलेल्या तारेसारखा किरटा वाटतो. आवाज वाढवावा तर नुसता गोंगाट होतो. हा दोष त्याच्या तुटपुंज्या साधनांचा की पद्धतीचा? या प्रश्नाचे उत्तर त्या नादाच्या इतिहासातच आहे.

या इतिहासाचा आरंभ एका अपघातापासून होतो. १९६५ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमी या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. वादन संपले असेच त्याला वाटले; पण आगीत होरपळून दोन बोटे निकामी झाल्यावरही कीर्ती मिळविणाऱ्या जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची तबकडी त्याला ऐकविण्यात आली आणि त्याने पुन्हा वाद्य हाती घेतले. प्लॅस्टिक वितळवून त्याने बोटांना टोपणे केली आणि पातळ तारा लावल्या. पुढे तारांचा ताण कमी व्हावा म्हणून त्याने वाद्याचा स्वरही उतरविला. ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९७० साली निघाली, आणि १९७१ सालच्या तिसऱ्या तबकडीतील काही रचनांत उतरविलेल्या तारांचा तो खर्जातील जडपणा स्पष्ट ऐकू येतो. वेदना टाळण्यासाठी शोधलेला उपाय हीच एका संगीतप्रकाराची ओळख ठरली.

जडपणाचे दुसरे अंग म्हणजे नादाची घरघर. निर्वात नळ्यांच्या ध्वनिवर्धकास त्याच्या शक्तीपलीकडे राबविले की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नसलेले अनेक वरचे उपस्वर उत्पन्न होतात. १९६४ साली ‘किंक्स’ या वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस याने तर आपल्या ध्वनिक्षेपकाचा पडदा पात्याने चिरून ही घरघर मिळविली.

महाराष्ट्राच्या कानाला ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याचा प्राण जवारीत असतो. घोडीचा रुंद पृष्ठभाग किंचित वक्र घासलेला असतो; कंप पावणारी तार त्याला निसटता स्पर्श करीत राहते आणि तारेखाली सरकविलेला दोरा तो स्पर्श नेमका साधतो. त्या स्पर्शातूनच उपस्वरांची झळाळी उमटते. यंत्र निराळे, कारण निराळे. परंतु तारेच्या शुद्ध स्वराला थोडे खरखरीत करून त्याला भरीव करावयाचे, हा हेतू दोन्हीकडे एकच आहे. आणि जवारी अधिक झाली की तंबोरा बेसूर भणभणतो, हा मिरजेच्या कारागिराचा अनुभव घरी मुद्रण करणाऱ्यानेही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता रुंदीचा प्रश्न. १९३१ साली ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी अर्ज केला, तेव्हापासून डाव्या-उजव्या ध्वनीची विद्या विकसित होत गेली. तिचा नियम असा की, दोन्ही कानांवर हुबेहूब एकच लहर आली तर मन तिला मधोमध बसविते. म्हणूनच एका वादनाची नक्कल करून ती दोन्ही बाजूंना ठेवल्याने नाद मोठा होतो, रुंद मुळीच होत नाही. अमेरिकेत लेस पॉल याने १९४८ साली ‘लव्हर’ ही तबकडी प्रसिद्ध केली. तिच्यात त्याने स्वतःच आठ गिटारींचे वादन एकावर एक चढविले होते. एका माणसाने स्वतःच्याच साथीला बसण्याची ही रीत पुढे दृढ झाली. १९८६ सालच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या मेटॅलिकाच्या तबकडीतही जेम्स हेटफिल्ड याने तालाची गिटार पुनःपुन्हा वाजवून तिचे थर रचले आहेत.

दुसरे वादन पहिल्यासारखे असते, पण तेच नसते. तारेवरचा आघात क्षणमात्र पुढेमागे होतो, बोटाचा दाब निराळा पडतो, स्वर केसभर हलतो. एक डावीकडे व दुसरे उजवीकडे ठेवले की कान या सूक्ष्म फरकांनाच विस्तार समजतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा या गोमंतकीय वाद्यवृंदरचनाकाराने शंकर-जयकिशन यांच्या गीतांसाठी व्हायोलिनांचे मोठे ताफे योजले. अनेक व्हायोलिनांचा तो मेळ एकाच व्हायोलिनाचा आवाज वाढवून कधीच साधला नसता.

अशा थरांचे मुद्रण १९७९ सालापर्यंत मोठ्या स्टुडिओचे काम होते. त्या वर्षी जपानच्या ‘टीॲक’ कंपनीने साध्या कॅसेटवर चार पदरी मुद्रण करणारा ‘पोर्टास्टुडिओ’ आणला आणि हे काम घरात शिरले. आज ते संगणकावर होते. साधने स्वस्त झाली, नियम मात्र बदलले नाहीत. प्रत्येक थराची घरघर एकट्याने ऐकताना हवीशी वाटते त्याहून कमी ठेवावी, कारण थरांची बेरीज होताना तीही वाढते. मधले स्वर छाटू नयेत. खोलीत एकट्याने वाजविताना ते कर्कश वाटले तरी वाद्यमेळात गिटार त्यांच्याच बळावर टिकते. सर्वांत खालचा खर्ज बेस गिटारीसाठी मोकळा सोडावा. ऐकणाऱ्याला जो जडपणा गिटारीचा वाटतो, त्यातील मोठा वाटा बेसचा असतो. आणि शेवटी सर्व मुद्रण एकाच ध्वनिक्षेपकावर ऐकून पाहावे. एकाच वादनाची नक्कल किंचित मागे सरकवून आणलेली रुंदी तेथे पोकळ पडते. खरोखर दोनदा वाजविलेली तग धरते.

जोयड्याच्या त्या तरुणाला, म्हणजे, महागड्या यंत्रापेक्षा दुसऱ्या वादनाची गरज अधिक आहे. तेच पद त्याच तालात, तितक्याच निश्चयाने पुन्हा वाजविणे सोपे नाही. पहिल्या वादनातील प्रत्येक आळस दुसऱ्यात उघडा पडतो. मैफिलीत गवई दोन बाजूंना दोन तंबोरे घेऊन बसतो. दोन्ही एकाच स्वरात मिळविलेले असतात, पण हात दोन असतात. त्या दोन हातांमधील अंतरातच गवयाच्या आवाजाला जागा मिळते.