सूर्य आला, चेहरा गेला

सूर्यास्ताचा फोटो तुम्हीही कधीतरी काढला असेल. मी १९७८ साली हर्णैच्या किनाऱ्यावर काढला होता. रोल धुऊन आला तेव्हा आभाळ लखलखीत, होड्यांच्या डोलकाठ्या स्पष्ट आणि पुढे उभे असलेले वडील मात्र नुसते काळे! आई म्हणाली, "अरे, यांचं तोंड कुठाय?" फोटो बिघडला, असंच मी कित्येक वर्षं समजत होतो.

पुढे छायाचित्रणाचा इतिहास वाचताना कळलं, की या पेचात मोठमोठी माणसं सापडली होती. १८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं काचेवर कलोडियनचा ओला लेप देऊन निगेटिव्ह करण्याची रीत प्रसिद्ध केली. या लेपावर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. जमीन उमटेपर्यंत थांबावं तर आभाळ पांढरंफटक, आभाळ सांभाळावं तर जमीन काळी!

गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानं यावर तोड काढली. समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी, अशा दोन निगेटिव्ह क्षितिजाच्या रेषेवर जुळवून तो एकच चित्र छापी. आजचा मोबाइलही कमी-अधिक उजेडाचे फोटो पाठोपाठ घेऊन एकत्र करतो, ती याच वाटेची पुढची पायरी.

पण १८५६ च्या त्याच्या 'ब्रिग' जहाजाच्या गाजलेल्या चित्रात एकच निगेटिव्ह होती. ढगांआडच्या सूर्यासमोर कॅमेरा धरून त्यानं आभाळ आणि पाणी टिपलं, जहाज काळं राहू दिलं. लंडनमध्ये ते पाहणाऱ्यांना वाटलं, हे चांदणंच! खरं तर चांदण्यात असा फोटो निघण्याइतका तो लेप तेज नव्हता.

छायाचित्रणाच्याही आधी युरोपात काळ्या कागदातून माणसाच्या चेहऱ्याची कड कापून देणारे कारागीर होते. घरची माणसं त्या कडेवरून आपला माणूस ओळखत.

वडिलांचे चेहरा दाखवणारे फोटो आमच्याकडे आहेत. लग्नातले, ओळखपत्रावरचे, सगळे ताठ. हर्णैच्या फोटोत धोतराचा सोगा वाऱ्यावर उडतोय, डावा खांदा जरासा उतरलाय. वडील गेल्यावर आईनं भिंतीवर लावायला हाच फोटो मागितला.