१५ डिसेंबर : आयझॅक वॉल्टन यांचा स्मृतिदिन
‘द कम्प्लीट अँग्लर’चे कर्ते आयझॅक वॉल्टन यांचे १६८३ मध्ये आजच्या दिवशी विंचेस्टर येथे निधन झाले. जन्म स्टॅफर्डचा, पण कापडाचा धंदा लंडनमध्ये. इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यातील यादवी नुकतीच शमली होती. राजपक्ष हरला होता. अशा वेळी, १६५३ मध्ये, या राजनिष्ठ गृहस्थाने गळ, आमिष आणि नदीकाठच्या गप्पांवर हे पुस्तक काढावे, हे विशेषच! आमिषाचा बेडूक सुई-रेशमाने गळाला कसा टाचावा, इथपासून मासा शिजवण्यापर्यंतचे बारकावे त्यात आहेत. कवी जॉन डन यांचे चरित्रही वॉल्टन यांचेच. ‘द कम्प्लीट अँग्लर’च्या १६७६ च्या आवृत्तीत मित्र चार्ल्स कॉटन यांनी कृत्रिम माशी लावून मासे धरण्याचा भाग जोडला. वॉल्टन यांची कबर विंचेस्टर कॅथेड्रलमध्ये आहे.