टिपण आणि तक्ता

पेण व रोहा हे तालुके ज्या कुलाबा जिल्ह्यात मोडत, त्यास १९८१ साली रायगड हे नाव मिळाले. परंतु तेथील शेतांची आकृती अंकांत साठविण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरात आरंभिलेली मोजणीची पद्धत पुढे कोकणातही आली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा, हे तिचे मान. मोजणीदार शेतात आधाररेषा धरून शंकूच्या साहाय्याने प्रत्येक कोपऱ्याचे लंबांतर लिहून घेई. हेच 'टिपण'. क्षेत्र व खातेदार यांची नोंद मात्र निराळ्या तक्त्यात होई. दोहोंमधील दुवा सर्व्हे नंबर.

कॉड यांनी १९७० साली मांडलेला रिलेशनल डेटाबेसही अशाच तक्त्यांचा व दुव्यांचा आहे. २००१ साली निघालेल्या पोस्टजीआयएससारख्या प्रणालीने तक्त्याच्या ओळीतच आकृतीस जागा दिली. आज्ञावली शेताचे कोपरे क्रमाने लिहिते, पहिला बिंदू शेवटी पुन्हा देऊन आकृती मिटविते, आणि वाचताना त्याच क्रमाने ती उभी करते. तथापि हे अंक कोणत्या निर्देशांकपद्धतीतील आहेत ही खूण सोबत नसेल, तर ते मुके होतात. ज्या दगडांवर आधाररेषा धरली ते हरवले, तर टिपणाचीही हीच गत होते. पेणच्या खारभूमीत बांध फुटून शेताच्या खुणा बुडतात, तेव्हा हद्द कायम करावयाची ती याच आधारावर. म्हणून जुनी टिपणे संगणकात उतरविताना अंकांबरोबर त्यांचा आधारही उतरविला पाहिजे.